'कॅज्युअल्टी'तले जिवंत किती?

मंडळी, 'कॅज्युअल्टी' म्हटलं की आपल्याला सरकारी दवाखान्याचं दार आठवतं. लाल अक्षरांतली पाटी, दाराशी स्ट्रेचर. युद्धाच्या बातमीत तोच शब्द आला की मात्र आपण बेधडक 'ठार' लिहितो. माझं भांडण आहे ते इथं.

डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध चालू. मी नुकताच एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो होतो. ब्लॅकआउट होता, खिडक्यांना काळे कागद, टेबलावरचा दिवाही झाकलेला. टेलिप्रिंटरवर लढाईची बातमी आली. मी कॅज्युअल्टीचा आकडा उचलला, पुढं 'जवान ठार' लिहिलं आणि मजकूर कंपोझिंगला धाडला. थोड्या वेळानं मुख्य उपसंपादकांनी ओलं प्रूफ माझ्यापुढं ठेवलं. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "यातले जिवंत किती?" मला सांगता येईना. त्यांच्या आळीतला एक मुलगा आघाडीवर होता. त्याची आई रोज सकाळी शेजाऱ्यांकडून पेपर वाचून घ्यायची. रात्री दीड वाजता छपाईच्या अक्षरांचे खिळे काढून मथळा पुन्हा जुळवला. ते प्रूफ मी अजून जपून ठेवलंय.

लष्कराच्या हिशेबात कॅज्युअल्टी म्हणजे लढायला उरला नाही असा माणूस. मेलेला, जखमी, बेपत्ता, शत्रूच्या हाती सापडलेला, सगळे एका बेरजेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोम नदीकाठी झालेल्या लढाईचा पहिला दिवस घ्या, १ जुलै १९१६. ब्रिटिश कॅज्युअल्टी ५७,४७०. फोड केली तर ठार १९,२४०, जखमी ३५,४९३, बेपत्ता २,१५२ आणि कैदी ५८५. सगळे मेले म्हणाल तर मृतांचा आकडा तिप्पट होतो. आणि त्याच दिवशी ब्रिटिश मुख्यालयाच्या पत्रकात काय होतं? आतापर्यंत कळतंय त्यावरून आपल्या कॅज्युअल्टी फार नाहीत! आघाडीवर परवाना मिळालेले वार्ताहर जेमतेम पाच, त्यांच्या मजकुरावर सेन्सॉरची कात्री. त्यांच्यातल्याच विल्यम बीच थॉमस यांनी पुढं लिहून ठेवलंय की, त्या दिवसांतल्या आपल्या बातम्यांची आपल्याला मनापासून शरम वाटते. म्हणजे एकच शब्द मुख्यालयाला मोघम बोलायला उपयोगी पडतो, आणि आपण भाषांतरात त्यालाच मरण चिकटवतो.

आपल्या घरचं उदाहरण कुतचं. २९ एप्रिल १९१६ ला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत गावात वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेनं तुर्कांपुढं शस्त्रं ठेवली. सुमारे १३,००० जण कैद झाले, त्यांत मराठा पलटणींचे शिपाईही होते. सातारा-रत्नागिरीकडच्या घरांतली ही माणसं. यादीत कॅज्युअल्टी, पण त्या दिवशी जिवंत! पुढं कैदेत हजारो दगावले, तो स्वतंत्र विषय आहे, आणि...

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मराठी प्रतिशब्दांबद्दल बोलायचं कबूल केलं होतं, ते भराभर सांगतो. 'जीवितहानी' नको, त्यात जखमी बसत नाहीत. 'हताहत' बरा, हत आणि आहत, मेलेले आणि जखमी दोन्ही आले. पण बेपत्ता आणि कैदी त्याच्याही बाहेर राहतात. म्हणून फोड मिळाली तर चारही आकडे वेगळे द्या. नाही मिळाली तर 'मृत, जखमी, बेपत्ता व युद्धकैदी मिळून' असं सरळ लिहा. मथळा लांबला तर टाइप लहान करा, पण 'ठार' लिहू नका.

आज रात्रपाळीला बसणारी तीन-चार मुलं-मुली तिसऱ्या रांगेत दिसताहेत. पहिला प्रश्न त्यांनी विचारावा.