यूएसबी ऑडिओ, मदरबोर्ड आणि मधली वाट

नमस्कार मंडळी. ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर जोडायची बाहेरची पेटी) किंवा डॅक (डिजिटल आवाज स्पीकरसाठी ॲनालॉग करणारी पेटी) संगणकाला जोडला, विंडोजने तो ओळखला, आवाजही आला. पण मध्येच टकटक ऐकू येते, सूर तुटतो, किंवा तासाभराने डिव्हाइस यादीतून गायब होतं. तीच वस्तू दुसऱ्या लॅपटॉपवर मात्र बिनतक्रार चालते. अशा वेळी बहुतेक जण ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसतात. माझं सांगणं असं, की ड्रायव्हरला हात लावण्याआधी ती वस्तू मदरबोर्डवरच्या नेमक्या कुठल्या कंट्रोलरला (यूएसबी पोर्ट चालवणाऱ्या भागाला) लागली आहे ते शोधा. मागच्या बाजूला शेजारी शेजारी दिसणारे दोन पोर्ट आतून अगदी वेगळ्या ठिकाणी गेलेले असू शकतात.

ऑडिओच इतका नाजूक का, हे आधी बघू. पेनड्राइव्हवर फाइल जाताना एखादं पाकीट बिघडलं तर ते पुन्हा पाठवलं जातं, तुम्हाला कळतही नाही. आवाज आयसोक्रोनस, म्हणजे ठरावीक वेळेला ठरावीक जागा देणाऱ्या पद्धतीने जातो. फुल-स्पीड (यूएसबीचा जुना, हळू वेग) उपकरणासाठी दर १ मिलीसेकंदाची फ्रेम, हाय-स्पीडसाठी (यूएसबी २ चा जास्त वेग) दर १२५ मायक्रोसेकंदांची मायक्रोफ्रेम, आणि त्यात आवाजाची जागा राखीव. वेळेवर सुटणाऱ्या एसटीसारखं आहे हे: गाडी थांबत नाही, आणि राहून गेलेल्या प्रवाशाला पुढच्या गाडीत घेत नाहीत. बिघडलेलं पाकीट पुन्हा मागवायची सोयच नाही, म्हणून ते कानाला टक् असं लागतं. ‘त्याच पोर्टवर पेनड्राइव्ह तर नीट चालतो’ हा पुरावा म्हणूनच इथे उपयोगाचा नाही.

आता वाट शोधू. डिव्हाइस मॅनेजर उघडा, वरच्या व्ह्यू मेनूत ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडा. यादी झाडासारखी उलगडते. तुमचा इंटरफेस ज्या फांदीवर आहे तिथून वर वर जा: मध्ये हब आहे का, त्यावर कुठला रूट हब, त्यावर कुठला होस्ट कंट्रोलर. मग वस्तू मागच्या प्रत्येक पोर्टला लावून हेच बघा आणि कागदावर टिपून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढचे कित्येक तास वाचवतं.

एएमडीच्या बी५५० बोर्डाचं उदाहरण घेऊ, कारण ते भारतात भरपूर विकले गेले. त्यावर रायझन ५००० मालिकेतला ५६०० एक्ससारखा प्रोसेसर असेल, तर काही यूएसबी पोर्ट थेट प्रोसेसरमधून निघतात आणि बाकीचे चिपसेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या मदतनीस चिपमधून. चिपसेट प्रोसेसरला पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या चार लेननी (डेटाच्या मार्गिकांनी) जोडलेला असतो, आणि त्याच लेनवर साटा डिस्क, लॅन, दुसरी एम.२ डिस्क यांचीही वाहतूक चालते. त्यातच अनेक बोर्डांवर मागचे यूएसबी २ पोर्ट एका छोट्या हब चिपमधून फुटलेले असतात. म्हणजे तुम्ही हब विकत घेतला नसला तरी तो आत बसलेला असू शकतो. इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डांवर यूएसबी मुख्यतः चिपसेटकडेच असतं, शिवाय काही बोर्डांवर एएसमीडियासारख्या कंपनीचा वेगळा कंट्रोलरही असतो.

५०० मालिकेच्या चिपसेटवर (बी५५० त्यातलाच) यूएसबी अधूनमधून तुटतं, हे एएमडीने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीरपणे मान्य केलं. त्यावरचा उपाय अजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.२ मध्ये आला आणि एप्रिल २०२१ पासून बोर्ड कंपन्यांनी तो बायोसमधून द्यायला सुरुवात केली. सेकंडहँड बोर्ड घेतला असेल तर त्यावर अजूनही जुना बायोस असण्याची शक्यता बरीच आहे. बोर्डाच्या सपोर्ट पानावर बायोसच्या नोंदीत अजेसाचा आकडा दिलेला असतो, तो पडताळून बघा. लगेच बायोस बदलायचा नसेल तर निदानासाठी दोन गोष्टी करता येतात. बायोसमध्ये ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट जेन ४ वरून जेन ३ वर (पीसीआय एक्सप्रेसच्या कमी वेगावर) आणा, आणि ‘ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल’ (रिकाम्या प्रोसेसरला झोपवून वीज वाचवणारी सोय) बंद करा. पण एका वेळी एकच. दोन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

बायोस बदलताना दोन काळज्या घ्या. वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएसशिवाय हात घालू नका. अर्धवट राहिलेला बायोस बोर्ड मृतवत करू शकतो. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी उतरवून घ्या, कारण अपडेटनंतर विंडोज ती मागू शकतं.

निळा पोर्ट म्हणजे ऑडिओला जास्त वेग, हा समज सोडून द्या. बाजारातले बहुतेक इंटरफेस यूएसबी २ चे आहेत. निळ्या पोर्टमध्येही ते यूएसबी २ ची जुनी तारांची जोडीच वापरतात, यूएसबी ३ च्या तारा रिकाम्या राहतात. फरक पडतो तो विजेत: यूएसबी २ पोर्टचं माप ५०० मिलीअँपिअर, यूएसबी ३ चं ९००. पोर्टवरच चालणारा इंटरफेस असेल तर एक सोपी चाचणी करा. कंडेन्सर माइक लावा आणि ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) चालू करा. बटण दाबताक्षणी डिव्हाइस गायब होत असेल तर आधी विजेकडे बघा: लांब किंवा बारीक तारेची केबल, बिनअडॅप्टरचा हब, नाहीतर कॅबिनेटचा पुढचा पोर्ट. पुढच्या पोर्टपासून बोर्डापर्यंत आत आणखी एक केबल जाते, आणि स्वस्त कॅबिनेटमध्ये ती अनेकदा सुमार असते. चाचणीला नेहमी मागचा पोर्ट आणि एक-दीड मीटरची चांगली केबल. यूएसबी २ साठी पाच मीटर ही कमाल मर्यादा आहे.

जुन्या किंवा स्वस्त यूएसबी साउंड कार्डांचा मामला वेगळा. ती यूएसबी ऑडिओ क्लास १ (यूएसबीवरच्या आवाजाच्या नियमांची पहिली आवृत्ती) ची, म्हणजे फुल-स्पीड, १२ मेगाबिटची. हिशेब करा: ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल म्हणजे दर मिलीसेकंदाला ९६ × २ × ३ = ५७६ बाइट. रेकॉर्डिंग आणि प्लेबॅक एकदम केलं तर ११५२. पूर्ण फ्रेम १५०० बाइटची, आणि ठरावीक वेळच्या वाहतुकीला त्यातली फार तर ९० टक्के मिळते. पाकिटांचा वरखर्च धरला की जागा संपत आली. म्हणून अशी कार्डं दोन्ही बाजूंनी ९६ वर अडखळतात. ४८ वर आणा, सुरळीत चालतात. ती हबमागे लावली तर हबमधला ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर (हळू उपकरणाची वाहतूक वेगवान तारेवर चढवणारा भाग) मध्ये येतो. स्वस्त हबमध्ये तो सगळ्या पोर्टना मिळून एकच असतो, म्हणजे कीबोर्ड, माउस आणि साउंड कार्ड एकाच दारातून.

यूएसबी ऑडिओच्या नव्या क्लास २ च्या उपकरणांसाठी विंडोजमध्ये स्वतःचा ड्रायव्हर २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून आहे. त्याआधीच्या विंडोजवर कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. विंडोज ११ वर जुना ड्रायव्हर चढतच नसेल तर कोअर आयसोलेशनमधलं ‘मेमरी इंटेग्रिटी’ त्याला अडवतंय का ते बघा. ते कायमचं बंद करण्यापेक्षा नवा ड्रायव्हर शोधणं बरं.

‘नॉट इनफ यूएसबी कंट्रोलर रिसोर्सेस’ असा संदेश आला तर तो विजेचा किंवा वेगाचा प्रश्न समजू नका. इंटेलच्या अनेक कंट्रोलरना एकूण ९६ एंडपॉइंटची (उपकरणाच्या डेटा-वाहिन्यांची) मर्यादा आहे. एक ऑडिओ इंटरफेस जाणारा आवाज, येणारा आवाज, फीडबॅक, मिडी असं धरून बरेच एंडपॉइंट खातो. मिडी कीबोर्ड, वेबकॅम, हब, आरजीबीचा कंट्रोलर असं सगळं लावलेलं असेल तर काही वस्तू उतरवा, संदेश जातो. नव्या बोर्डांचा ऑनबोर्ड साउंडही इथे मोजावा लागतो, कारण रिअलटेकचा एएलसी४०८० हा कोडेक (आवाजाची चिप) आतून यूएसबीवरच बसतो. वापरत नसाल तर बायोसमधून बंद करा.

टकटक सगळ्या पोर्टवर सारखीच येत असेल तर मात्र वाटेचा दोष नाही. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर (आधी भरून ठेवलेला आवाजाचा साठा) म्हणजे ५.३ मिलीसेकंद. तेवढ्यात वायफाय किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला की आवाज तुटतो. लॅटन्सीमॉन (असा उशीर मोजणारा प्रोग्राम) पंधरा मिनिटं चालवा, दोषी ड्रायव्हर नावानिशी दिसतो. दरम्यान पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (रिकामं उपकरण झोपवून वीज वाचवणारी सोय) बंद ठेवा. आणि फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनने ड्रायव्हर नव्याने चढत नाहीत. प्रत्येक बदलानंतर रिस्टार्टच करा.

आवाज तुटत नाही पण बारीक शिटी ऐकू येते, ही तक्रार निराळी. १ किलोहर्ट्झची शिटी फुल-स्पीड फ्रेमची, ८ किलोहर्ट्झची हाय-स्पीड मायक्रोफ्रेमची; दोन्ही जमिनीच्या (ग्राउंडच्या) तारेतून स्पीकरपर्यंत पोचतात. ५० किंवा १०० हर्ट्झचा गुंजारव असेल तर तो घरातल्या विजेचा. संगणक आणि स्पीकर एकाच पट्टीवर, अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा आणि स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड (वाटेतला गोंगाट खोडून टाकणारी) केबल वापरा. गुंजारव जातो म्हणून प्लगची अर्थची पिन कापणारे लोक आहेत. ते कधीही करू नका, जिवावर बेतू शकतं. यूएसबी आयसोलेटर (संगणक आणि उपकरण विजेने वेगळे ठेवणारी डबी) घेणार असाल तर आतली चिप विचारा: एडीयूएम४१६० फक्त फुल-स्पीडची आहे, त्यामागे हाय-स्पीड इंटरफेस पूर्ण चालणार नाही. एडीयूएम४१६५ हाय-स्पीड झेपवते, किंमत अर्थात जास्त.

एवढं करूनही बोर्डाचा कुठलाच पोर्ट साथ देत नसेल तर पीसीआय एक्सप्रेस एक्स१ चं (छोट्या, एका लेनच्या स्लॉटचं) यूएसबी कार्ड घ्या, शक्यतो रेनेसासच्या यूपीडी७२०२०१ किंवा ७२०२०२ चिपचं. त्यावर फक्त ऑडिओ इंटरफेस लावा, बाकी काही नाही. कार्ड घेण्याआधी बोर्डाच्या मॅन्युअलमधला ब्लॉक डायग्राम उघडा. तो एक्स१ स्लॉट कशाला जोडला आहे, आणि दुसरी एम.२ डिस्क लावल्यावर तो बंद तर पडत नाही ना, हे त्यात लिहिलेलं असतं.