मूल अडखळतं तेव्हा

नमस्कार मंडळी. आज पुढच्या चार रांगा मुलांनी भरल्या आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दलच बोलते.

आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मी गेली अकरा वर्षं शिकवते आहे. सुरुवातीच्या काळातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. सुट्टीत भारतात जाऊन आलेल्या मुलांना मी विचारलं, "काय काय केलंत?" आठ वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. "मी आजोबांबरोबर आंबा... आंबा खाल्ली." मी लगेच म्हटलं, "खाल्ली नाही रे बाळा, खाल्ला." दोघं-तिघं हसली. तो "खाल्ला" म्हणाला आणि खाली बसला. पुढे त्याच्या आईने सांगितलं, की आजोबा त्याला रोज सकाळी माळ्यावरच्या आढीपाशी न्यायचे आणि कुठला आंबा पिकलाय ते नुसत्या वासावरून ओळखायला शिकवायचे. ते सांगायला तो उभा राहिला होता. मी त्याच्याकडून फक्त क्रियापद घेतलं.

तो कशापाशी अडला होता, बघा. आपण आंबा खाल्ला म्हणतो, पोळी खाल्ली म्हणतो, केळं खाल्लं म्हणतो. भूतकाळात खाणारा कोण याला महत्त्व नाही, खाल्लेल्या वस्तूचं लिंग बघावं लागतं. आपल्याला ते पाळण्यात मिळालं. घराबाहेर दिवसभर इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला वाक्य संपवण्याआधी हे सगळं मनात जुळवावं लागतं. त्याच्या त्या गप्प राहण्यात केवढं काम चाललेलं असतं! आणि नेमक्या त्याच क्षणी आपण शब्द पुरवतो.

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विज्ञानाच्या वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासायच्या. 1970च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. मुलाचं उत्तर झाल्यावरही तितकंच. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात आणि मुलं एकमेकांशीही बोलू लागतात. मला सगळ्यात लागलं ते हे, की हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबत होते आणि मागे पडलेल्यांसाठी कमी. ज्याला वेळ हवा, त्यालाच तो मिळत नव्हता. मीही तेच करत आले होते.

आता मी मनातल्या मनात तीन आकडे मोजते. ऐकायला सोपं वाटतं, पण वीस मुलांच्या वर्गात, बाकीच्यांचे हात वर असताना, ते तीन सेकंद फार मोठे होतात. चूक सुधारायची तर ती माझ्या पुढच्या प्रश्नात येते. "हो का? आंबा खाल्लास? कसा होता?" बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि गोष्टही पुढे सरकते.

1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञ महाराष्ट्रातल्या बोर्डी या गावी गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. त्यांना नावं न ठेवता त्या दोघींनी कारण समजून घेतलं. कुणी धाकटं भावंड सांभाळत होतं, कुणी गुरांमागे जात होतं. मग शाळाच अंगणात गेली, कुरणात गेली. अंगणवाडी हा शब्द आज आपण सहज वापरतो, पण त्याच्यामागे मुलाचं हे ऐकून घेणं आहे, असं मला वाटतं.

पालकांनो, एक विनंती. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालू असताना मागून "सांग ना, सांग ना, काय केलंस काल" असं करू नका. फोन मुलाच्या हातात द्या. आजीला घाई नसते.

गेल्या रविवारी एक मुलगी उभी राहिली. वर्गात महिनोन्‌महिने तिचं "हो" आणि "नाही" एवढंच मराठी मी ऐकलं होतं. "माझी आजी..." म्हणाली आणि थांबली. मी थांबले. तिने खिडकीकडे पाहिलं, बोटात ओढणीचं टोक गुंडाळलं. "माझी आजी पोळी करते... तेव्हा पहिली पोळी गाईला देते. पण तिकडे आता गाय नाहीये."

मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "मग ती पोळी कोण खातं?"

ती वळली आणि त्याला सांगू लागली.