पट्टीवरचं सहावं चित्र

पुण्यातली स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांची विशेष शाळा. मुलांच्या गाड्या यायला अजून वेळ आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतले हे कॉलेजचे विद्यार्थी सतरंजीवर बसून बाईंच्या सूचना ऐकतायत. अत्तर लावून आलेल्यांनी मनगटं धुऊन घेतली, पैंजणं पिशवीत गेली. हौसेने आणलेले फुगे बाहेरच राहिले. एक जरी फुटला तरी एखाद्या मुलाचा सगळा दिवस विस्कटतो.

भिंतीवरची ही पट्टी नीट बघा. प्रार्थना, मणी, झोका, डबा, घर. चित्रं वेल्क्रोने लावलेली. एक काम संपलं की मूल स्वतः ते चित्र काढतं आणि खालच्या डब्यात टाकतं. पुढे काय होणार हे डोळ्यांसमोर असलं की स्वमग्न मुलाचा जीव थाऱ्यावर राहतो. आज तिथे सहावं चित्र आहे, 'ताई-दादा'. गेला आठवडाभर बाई ते मुलांना रोज दाखवत होत्या. पाहुण्यांच्या भेटीआधी मुलांचीही तयारी करून घ्यायची असते, हे फार थोड्या ठिकाणी सुचतं.

लाल मणी, पिवळा मणी, लाल, पिवळा. हा मुलगा मान वर करत नाही. शेजारच्या ताईने त्याला हाक मारलेली नाही, नाव विचारलेलं नाही. ती तिची माळ ओवतेय, त्याच्याच क्रमाने.

आता मण्यांची वाटी बघा. त्यानेच तिच्याकडे सरकवली.

झोक्यावरच्या मुलीच्या कानांवर हेडफोन आहेत ते गोंगाट अडवण्यासाठी. तिला बोलता येत नाही, असं पटकन म्हणू नका. हातातल्या टॅबवर 'जेलो' आहे, मुंबईच्या आयआयटीत घडलेलं अॅप. चित्रावर बोट ठेवलं की तिचं म्हणणं मराठीत ऐकू येतं. दादाने प्रश्न एकदाच विचारलाय आणि तो मनात दहापर्यंत मोजतोय. घाईने पुन्हा विचारलं की तिची जुळवाजुळव मोडते.

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांच्या यादीत ती आली. प्रमाणपत्र मिळतं, सवलती मिळतात. पण रविवारी मुलाला घेऊन बागेत जाताना सोबत कोण येणार, याचं उत्तर कायद्यात नाही, आणि पालक सगळ्यात आधी बोलतात ते त्याबद्दलच.

सेवा योजनेत वर्षाला १२० तास द्यायचे असतात. त्यातला दर आठवड्याचा एक तास याच शाळेला, त्याच विद्यार्थ्यांनी द्यावा, ही आमची कळकळीची विनंती आहे. दर खेपेला नवे चेहरे आले तर मुलांना ओळख पहिल्यापासून करावी लागते.

या गटातल्या काहींनी गुरुवारचा मैदानाचा तास मागून घेतलाय. एका मुलामागे एक ताई किंवा दादा, आणि सत्र संपेपर्यंत जोडी बदलायची नाही.