सेल्फ जड फिरतो तेव्हा
(निफाड परिसरातल्या द्राक्ष बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात निफाडचं नाव येतं. आणि त्याच सकाळी बॅटरीच्या दुकानात आपलीच माणसं भेटतात. टाकीत औषध कालवून ठेवलंय, ब्लोअर जोडलाय, मजूर येऊन बसलेत, आणि बागेतला छोटा ट्रॅक्टर चावी फिरवली की घुर्र... घुर्र... करत दोन फेरे घेतो नि गप्प होतो. माणूस वैतागून नवी बॅटरी आणतो. थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा तीच घुरघुर. दोष नव्या बॅटरीचा नसतो. बऱ्याचदा तो जुन्या बॅटरीचाही नव्हता.

सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिले फेरे देणारी मोटर, जड का फिरतो याचं उत्तर अंदाजाने काढू नका, मीटरने काढा, असं मी सांगतो तेव्हा लोक म्हणतात, मीटर लावला होता, बारा दाखवत होता. पण कधी लावला होता? ट्रॅक्टर उभा असताना. मीटर लावायचा तो सेल्फ फिरत असताना.

आधी वेगाचं महत्त्व बघू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला अठरा-वीस पट दाबतो, दाबामुळे ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत मारलेलं डिझेल पेट घेतं. पिस्टन रेंगाळत वर आला तर ही उष्णता गार सिलिंडरच्या भिंती पिऊन टाकतात, शिवाय थोडी हवा रिंगांच्या फटीतून निसटते. म्हणजे इंजिन ठणठणीत असूनही पेटत नाही. अशा वेळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, फक्त जळत नाहीये. तरी आपण काय करतो? डिझेल फिल्टरचा नट सैल करून लाइनमधली एअर काढत बसतो आणि तेवढ्यात उरलीसुरली बॅटरीही संपवतो.

रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात. १२.२ असतील तर बॅटरी अर्धीच भरलेली आहे, आधी चार्ज करा, मग पुढचं बोलू. पण १२.६ म्हणजे बॅटरी पास झाली असंही नाही. तुमच्या ठिबकचंच बघा. फिल्टर चोक असला तरी सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवले की गेजवर दाब पूर्ण दिसतो. व्हॉल्व्ह उघडून पाणी धावायला लागलं की पुढचा दाब कोसळतो. वीज तशीच आहे. प्रवाह धावल्याशिवाय अडथळा दिसत नाही. हॉर्न वाजतो, लाइट लागतो, म्हणून बॅटरी आणि वायरिंग ठीक, असं समजू नका. हॉर्नला काही अँपिअर पुरतात. सेल्फला शे-दीडशे लागतात, पहिल्या झटक्याला त्याहून कितीतरी जास्त.

आता हिशेब बघा. सेल्फच्या वाटेत कुठेतरी एका ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा अडथळा आहे. दीडशे अँपिअर त्यातून गेले की दीड व्होल्ट तिथेच खलास. एवढा बारीक अडथळा साध्या मीटरच्या ओहमच्या रेंजवर धड कळतसुद्धा नाही. व्होल्टमध्ये मात्र तो लगेच पकडता येतो.

कसा, ते सांगतो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ (ब्लोअर फिरवणारा शाफ्ट) बंद, क्लच दाबलेला. इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपची दोरी कुणालातरी ओढून धरायला सांगा. मीटर डीसी वीस व्होल्टच्या रेंजवर. पहिलं माप बॅटरीच्या दोन पोलांवर. सेल्फ फिरताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं, तर एक तर बॅटरीतच दम नाही, किंवा सेल्फ अवाजवी करंट ओढतोय. साडेदहा-अकरावर टिकून असेल आणि तरीही इंजिन जड फिरत असेल, तर बॅटरीला हात लावू नका. वीज वाटेत कुठेतरी अडतेय, नाहीतर सेल्फच्या आत, फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनपाशी.

मग वाट तपासा. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस पोलवर, दुसरी सेल्फवर जिथे जाड वायर येते त्या बोल्टवर. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वायरीत किंवा तिच्या जोडांत घोळ आहे. पिन क्लॅम्पवर टेकवू नका, शिशाच्या पोलवरच टेकवा, कारण पुष्कळदा मेख पोल आणि क्लॅम्प यांच्यामध्येच असते. मग सोलेनॉइडचे, म्हणजे सेल्फवरच्या मोठ्या स्विचचे, दोन जाड बोल्ट. इथे सेल्फ न मारता मीटर बारा दाखवेल, घाबरू नका. सेल्फ फिरायला लागला की तो शून्याजवळ यायला हवा. अर्धा-पाऊण व्होल्ट राहिला तर आतला तांब्याचा संपर्क जळालाय.

आणि शेवटी अर्थिंग, म्हणजे बॉडीतून मायनसकडे परतीची वाट. एक पिन मायनस पोलवर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर. इथे पाव व्होल्टच्या आसपासच सवलत आहे. माझ्या अनुभवात आपल्या भागातले निम्म्याहून जास्त जड सेल्फ इथेच सापडतात, आणि त्याला कारण आहे. आपण ब्लोअरने बोर्डो मारतो, म्हणजे मोरचूद आणि चुना. वर गंधकाची भुकटी, इतर ताम्रयुक्त औषधं. हा फवारा फक्त पानांवर बसत नाही, ट्रॅक्टरच्या अंगावरही बसतो. मोरचुदाचं पाणी लोखंड खातं. अर्थिंगची पट्टी चासीला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे पट्टी वरून चकचकीत आणि खाली गंजाचा थर. बोल्ट घट्टच असतो, म्हणून कुणी तो सोडून बघत नाही. काही ठिकाणी तर ट्रॅक्टर रंगवताना पट्टीच्या खालीही रंग गेलेला असतो. मग वीज फक्त बोल्टच्या आट्यांमधून जाते.

मीटर नसेल तर एक गावठी परीक्षा आहे आणि ती चांगली आहे. पाच-सात सेकंद सेल्फ मारा, मग प्रत्येक जोडाला हात लावा. जो गरम लागेल तो चोर. मघाचे दीड व्होल्ट आणि दीडशे अँपिअर यांचा गुणाकार सव्वादोनशे वॅट होतो. एवढी उष्णता त्या एका जोडात निघते, ती बोटाला कळतेच.

साफ करताना मायनस आधी सोडा, जोडताना मायनस शेवटी. पान्हा चुकून बॉडीला लागला तर ठिणगी पडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. जवळ बिडी नको. गरम पाणी, खायचा सोडा, तारेचा ब्रश, मग कोरडं पुसून व्हॅसलीन. खर्च नगण्य.

एवढं करूनही जड असेल तर सेल्फ किंवा इंजिन. इथे डीसीचा क्लॅम्प मीटर असलेला इलेक्ट्रिशियन गाठा. करंट कमी आणि फिरणं हळू असेल तर अडथळा अजून सापडलेला नाही, किंवा सेल्फचे कार्बन झिजलेत. करंट भरपूर आणि तरी हळू असेल तर काहीतरी अडतंय. बुश झिजून आर्मेचर (सेल्फचा फिरता भाग) आत घासतंय, नाहीतर इंजिनच जड आहे. पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असताना कॅनमध्ये उरलं होतं म्हणून जाड ऑइल ओतलं असेल, तर थंडीत ते सेल्फला भोवतं. क्लच दाबून सेल्फ मारायचा तोही याचसाठी, म्हणजे गिअरबॉक्समधलं गार, घट्ट तेल सेल्फला ओढावं लागत नाही.

बॅटरी उतरते कशाने? एकदा मारलेल्या सेल्फने नाही. पाच सेकंद दीडशे अँपिअर म्हणजे जेमतेम ०.२ अँपिअर-तास. इंजिन थोडा वेळ चाललं की भरून निघतं. उतरते ती रात्रभर चालू राहिलेल्या कशाने तरी, आणि तो अँप्लिफायर, त्या रंगीत पट्ट्या कुणाच्या ट्रॅक्टरवर आहेत ते मी विचारत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. येत नसतील तर आधी इंजिन बंद करून, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा बेल्ट सैल आहे का ते दाबून बघा.

मघाशी एका काकांनी विचारलं, अमेरिकेतल्या मुलाकडे गवत कापायचा पेट्रोल ट्रॅक्टर आहे. बॅटरी नवी, वायरी स्वच्छ, तरी तो अर्धा फेरा घेऊन अडतो. तिथे वेगळंच कारण असू शकतं. जुन्या हँडलच्या किर्लोस्कर इंजिनावर डीकॉम्प्रेशनची कांडी असायची, आठवतं? ती उचलून हँडल फिरवायचं आणि वेग आला की सोडायची. त्या पेट्रोल इंजिनांमध्ये हीच सोय कॅमशाफ्टवर आपोआप होते, सुरू होताना व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. तो उघडतो मिलिमीटरच्या अंशाने, त्यामुळे टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधली, फट वाढली की उघडतच नाही आणि सेल्फला पूर्ण कॉम्प्रेशनशी झुंजावं लागतं. आधी पुस्तिकेप्रमाणे फिलर गेजने टॅपेट लावायला सांगा. आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर सेल्फ मारणं थांबवायला सांगा. कार्बोरेटर गळून सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेलं असू शकतं. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

दोन गोष्टी मात्र करू नका. सेल्फचे बोल्ट स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ट्रॅक्टर चालू करणं ही एक. तुम्ही चाकाच्या पुढे उभे असता आणि गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर अंगावर येतो. यात माणसं गेलेली आहेत. दुसरी म्हणजे एअर फिल्टरमध्ये ईथरचा स्प्रे. ग्लो प्लग (सुरू होण्याआधी आतली हवा तापवणारा प्लग) असलेल्या इंजिनात तो तापलेल्या प्लगवर भलत्याच वेळी पेटतो आणि पिस्टन-रिंगा फुटतात. ग्लो प्लग असेल तर दिवा विझेपर्यंत थांबा, दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, आणि पुन्हा मारण्याआधी त्याला मिनिटभर गार होऊ द्या.