आसादो: निखाऱ्यांवरची स्पॅनिश

ब्युनोस आयर्स. रविवार, सकाळचे अकरा. जेवायला अजून दोन-तीन तास आहेत, पण अंगणातून धूर निघायला लागलाय.

आज आसादो आहे. स्पॅनिशमध्ये 'आसार' म्हणजे भाजणं आणि 'आसादो' म्हणजे भाजलेलं. अर्जेंटिनात मात्र गाईच्या बरगड्यांच्या आडव्या कापलेल्या पट्टीलाही आसादो म्हणतात, आणि माणसं जमवून केलेल्या अख्ख्या बेतालाही. आपल्याकडे हुरड्याचं असंच आहे ना? दाणेही हुरडा, आणि शेतावरचं बोलावणंही हुरड्याचंच.

भाजणारा तो आसादोर. तो घाई करत नाही. लाकूड बाजूला पेटतं. 'केब्राचो' नावाचं हे लाकूड इतकं टणक, की त्याच्या नावाचा अर्थच कुऱ्हाड मोडणारं. जाळ ओसरला की लालभडक निखारे, म्हणजे 'ब्रासास', ओढून जाळीखाली पसरायचे. ही जाळी म्हणजे 'पार्रिशा'. लिहिताना दोन एल. स्पेनमध्ये बहुतेक जण 'पार्रिया' म्हणतील, इथे त्याचा 'श' होतो. अशी जाळी मांडलेल्या खानावळीचं नावही पार्रिशाच.

मोठे तुकडे सावकाश शिजतात. तोवर 'आचुरास' येतात: आतडी, ग्रंथी, असं सगळं. लहान आतड्यांना 'चिंचुलिनेस' म्हणतात. हा शब्द मूळचा स्पॅनिश नाहीच, अँडीजमधल्या केचुआ भाषेतून आलाय.

आणि हा बघा, पावात घातलेला चोरिसो, म्हणजे मांसाचं सॉसेज. चोरिसो अधिक पान, म्हणजे 'चोरिपान'. 'पान' म्हणजे पाव. गोव्याच्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही. पोर्तुगीजांच्या भाषेतून आलेला तिथला चोरीस-पाव म्हणजे या चोरिपानाचा चुलतभाऊच, शब्दानेही आणि पदार्थानेही. फक्त गोव्याचा चोरीस मिरची आणि व्हिनेगरने झणझणीत, आंबट, इथला सौम्य. त्याची भरपाई वरून घातलेली 'चिमिचुर्री' करते: पार्सली, लसूण, ओरेगानो, तेल, व्हिनेगर.

मांस कसं हवं, ते सांगायला तीन शब्द पुरतात. रसाळ, आतून लालसर हवं तर 'हुगोसो'. मध्यम हवं तर 'आ पुंतो'. पूर्ण शिजलेलं हवं तर 'ब्येन कोसीदो'.

ताटं वाढली जातात. कुणीतरी ओरडतं, "उन आप्लाउसो पारा एल आसादोर!" भाजणाऱ्यासाठी टाळ्या! सगळे वाजवतात. तो मात्र अजून जाळीपाशीच उभा.

मग 'सोब्रेमेसा'. जेवण संपलंय, उठायचं कुणी नाव काढत नाही. फुटबॉल, राजकारण, कुणाचं तरी लग्न. उन्हं कललीत, आणि राखेखाली निखारे अजून गरम आहेत.