शीट मोठी, जागा सर्वांची : हार्डबोर्ड कापण्यासाठी हत्यार निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

एकच जागा आणि तीच हत्यारे अनेकांनी मिळून वापरायची अशा सामायिक कार्यशाळेत हार्डबोर्डच्या मोठ्या शीट कापायला काय घ्यावे, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. ही चर्चा बहुधा मोटारीच्या ताकदीपासून सुरू होते. माझ्या मते ती शीटच्या आकारापासून आणि शेजारी काम करणाऱ्या माणसापासून सुरू व्हायला हवी.

आठ फूट बाय चार फुटांची, तीन मिलिमीटर जाडीची हार्डबोर्डची शीट साधारण नऊ किलोंची असते. वजन फार नाही, पण एकट्या माणसाच्या हातात ती लवते, थरथरते आणि एका टोकाला झुकते. अशी शीट टेबल सॉवर, म्हणजे जिचे पाते टेबलातून वर आलेले असते अशा करवतीवर, एकट्याने ढकलणे धोक्याचे आहे, कारण ती पात्याजवळ किंचित उचलली गेली किंवा तिरकी झाली तर पात्याचे मागचे दाते तिला पकडून वापरणाऱ्याच्या अंगावर फेकू शकतात. शिवाय पातळ शीटची कड बाजूच्या कुंपणपट्टीखालच्या, म्हणजे शीटला सरळ सरकवणाऱ्या पट्टीखालच्या, फटीत सरकते आणि काप वाकडा जातो. अनुभवी सुतार याला पर्याय काढतो. पण सामायिक कार्यशाळेत कालच सभासद झालेली व्यक्तीही तेच यंत्र वापरणार असते. म्हणून माझा आग्रह असा की शीट स्थिर ठेवावी आणि हत्यार तिच्यावरून फिरवावे. लांब सरळ कापांसाठी पहिली खरेदी मार्गदर्शक पट्टीवर सरकणारी गोल करवत, म्हणजे ट्रॅक सॉ, ही असावी. तेवढा पैसा नसेल, तर साधी सर्क्युलर सॉ आणि दोन क्लॅम्पनी घट्ट बसवलेली एक सरळ, जाड पट्टी यांवरही चांगले काम होते.

शीट दोन घोड्यांवर, म्हणजे सुतारकामाच्या लाकडी तिवयांवर, टाकू नये. जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर कडक फोमचा जाड तक्ता पसरून त्यावर ती ठेवावी आणि पाते शीटच्या खाली पाचसहा मिलिमीटरच उतरेल एवढी खोली लावावी. त्यामुळे कापाच्या दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत आधार राहतो, सुटणारा तुकडा लोंबकळत नाही आणि पाते चिमटले जात नाही.

आता पात्याविषयी, कारण माझ्या मते यंत्रापेक्षा पात्याची निवड महत्त्वाची आहे. हार्डबोर्ड म्हणजे लाकडाचे तंतू सुटे करून उष्णता आणि प्रचंड दाब यांखाली पुन्हा घट्ट बसवलेला माल. विल्यम मेसन यांनी अमेरिकेत १९२४ मध्ये शोधलेल्या पद्धतीत तंतूंना बांधून ठेवण्याचे काम मुख्यतः लिग्निन हे लाकडातलेच नैसर्गिक बांधणद्रव्य करते. या घट्ट मालावर साध्या पोलादी दातांची धार लवकर जाते, आणि बोथट पाते कापण्याऐवजी घासू लागते. मग कड काळवंडते आणि धूर येतो. म्हणून कार्बाइड या अतिशय कठीण धातुमिश्रणाचे दाते असलेले, बारीक दातांचे पाते घ्यावे : १६० मिलिमीटर व्यासाला ४८ दाते, २५० मिलिमीटरला ८० दाते हे प्रमाण योग्य ठरते. ते फक्त हार्डबोर्डसाठी राखून ठेवावे आणि त्याच्या डबीवर तसे ठळक लिहावे. खिळे असलेल्या जुन्या फळीवर कोणी एकदा ते चालवले, की पुढच्या प्रत्येकाचा काप बिघडतो.

शीट कोणत्या बाजूने ठेवायची, हेही यंत्रावर अवलंबून आहे. हातातल्या गोल करवतीचे दाते खालून वर येतात, म्हणून गुळगुळीत बाजू खाली ठेवावी; टेबल सॉवर ते वरून खाली जातात, म्हणून तीच बाजू वर हवी. जिगसॉ, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या अरुंद पात्याची हातकरवत, तिचे नेहमीचे पाते वर येताना कापते, म्हणून तिच्यासाठीही गुळगुळीत बाजू खालीच. वर्तुळे आणि वळणे यांसाठी जिगसॉ उत्तम आहे. आठ फुटांच्या सरळ रेषेसाठी मात्र नाही, कारण तिचे अरुंद पाते भरकटते.

धुळीबद्दल मला थोडे कळकळीने सांगायचे आहे. हार्डबोर्डची भुकटी अतिशय बारीक असते आणि ती बराच वेळ हवेत तरंगत राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केलेला आहे. कापणारी व्यक्ती मास्क लावते. पण पलीकडच्या टेबलावर रंगकाम करणाऱ्याने तो लावलेला नसतो. म्हणून हत्यार घेताना त्याला धूळ ओढणारी नळी जोडता येते का, हे आधी विचारावे, आणि धूळ ओढणाऱ्या यंत्राचे पैसे करवतीच्या अंदाजपत्रकातच धरावेत. झाडू मारल्याने बसलेली धूळ पुन्हा उडते, तेव्हा सफाईही त्याच यंत्राने करावी.

कापायचे थोडेच असेल तर वीज लागतच नाही. तीन मिलिमीटरच्या शीटवर पोलादी पट्टी दाबून धरून धारदार कटर त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा, हलक्या हाताने फिरवल्यास काप स्वच्छ येतो, धूळ जवळजवळ होत नाही आणि आवाजही नाही. अर्ध्यात घाई करून शीट मोडली, तर मात्र मागच्या बाजूचे तंतू उखडतात.

भिंतीलगत उभी राहणारी पॅनेल सॉ या कामासाठी फारच सोयीची आहे. शीट उभी राहते, एकटा माणूसही ती हाताळू शकतो. पण तिला संपूर्ण शीटहून लांब मोकळी भिंत कायमची द्यावी लागते. त्यामुळे रोज शीट कापल्या जात असतील, तरच सभासदांनी तिच्या खर्चाचा विचार करावा.