नाकापासून मेंदूपर्यंत

(दृश्य : खंडेराव मार्केट, पहाट)
वडोदरा. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०६ साली उभी राहिलेली ही इमारत. फुलांच्या टोपल्या उघडतायत. मोगरा, गुलाब, झेंडू. पाठमोरा दिसतोय तो तरुण लहानपणापासून आईबरोबर इथे हार घ्यायला येतो. मोगऱ्याचा वास त्याला एकदाही आलेला नाही.

सर्दीनं गेला, तापानं गेला, असं नाही. जन्मापासूनच नाही. जे कधी अनुभवलंच नाही, ते आपल्याकडे नाही हे कळणार कसं? सगळे ‘वा’ म्हणतात, तोही म्हणतो.

(दृश्य : दांडिया बाजारातलं घर, अल्बम)
दहावीच्या वर्गाचा फोटो. चेहरे झाकलेत, पण उंची आणि खांदे बघा. मित्रांना मिसरूड फुटलं, आवाज फुटले. हा तसाच राहिला. घरात म्हणायचे, “काकालाही उशिराच फुटलं होतं हो, होईल.” बहुतेक मुलांचं खरंच होतं. म्हणूनच ज्याचं होणार नाही, तो मुलगा त्या गर्दीत हरवतो. “वास येतो का रे?” एवढं त्याला कुणीच विचारलं नाही.

(दृश्य : ॲनिमेशन)
आता गर्भात जाऊ. सहावा आठवडा. वयात येण्याची आज्ञा देणाऱ्या पेशी मेंदूत जन्मत नाहीत; त्या जन्मतात नाकाच्या जागी. तिथून गंधाच्या मज्जातंतूंचं बोट धरून त्या मेंदूकडे निघतात. नाक आणि मेंदू यांच्यामधल्या हाडाला बारीक भोकं असतात, त्यातून वर चढतात आणि मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात मुक्काम करतात. पुढे किशोरवयात तिथून जीएनआरएच हे संप्रेरक थोड्या थोड्या वेळानं, लाटेलाटेनं सुटतं. त्या लाटांवर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जागी होते, आणि मग बीजग्रंथी, म्हणजे मुलांत वृषण, मुलींत अंडाशय.

वाटाड्या मज्जातंतूच घडले नाहीत तर? १९८९ मध्ये संशोधकांना १९ आठवड्यांच्या एका गर्भात या पेशी वाटेतच अडकलेल्या दिसल्या. मेंदूत एकही पोचली नव्हती. वास नाही आणि वयात येणंही नाही : दोन तक्रारी, कारण एकच. स्पेनचे शरीरशास्त्रज्ञ माएस्त्रे दे सान हुआन यांनी १८५६ मध्येच एका शवविच्छेदनात या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या होत्या. नाव मात्र पडलं १९४४ साली तीन कुटुंबांचा अभ्यास मांडणाऱ्या फ्रान्झ कालमन यांचं. कालमन सिंड्रोम. मुलींमध्येही होतो, मुलग्यांमध्ये अधिक आढळतो.

(दृश्य : दवाखाना, डोळे मिटलेले, नाकाशी कॉफीची पूड)
कॉफी. काही नाही. लवंग. काही नाही. आता बाम, आणि तो लगेच मान हलवतो, “येतो.” इथेच फसगत होते. बाम किंवा कापूर नाकाला झोंबतो, आणि झोंबणं कळवणारी नस वेगळी असते. घरी विचारताना कॉफीच घ्या.

पुढे रक्ततपासणी : टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी, आणि बीजग्रंथींना कामाला लावणारी पिट्युटरीची संप्रेरकं, एलएच आणि एफएसएच, तीही कमी. मग एमआरआय. मेंदूच्या तळाशी वासाचे संदेश घेणारे गंधकंद दिसायला हवेत, ती जागा पडद्यावर रिकामी आहे.

उपचार लांबले की हाडं ठिसूळ होतात.

(दृश्य : इंजेक्शनची तयारी)
टेस्टोस्टेरॉननं दाढी येते, आवाज बदलतो, हाडांना बळ मिळतं. मूल हवं असेल तेव्हा इंजेक्शनं वेगळी, आणि अनेकांना त्यांनी यश येतं. वास परत येत नाही. मुलगा चौदाचा, मुलगी तेराची झाली आणि शरीरात बदलाची सुरुवातही नसेल, तर हार्मोनच्या डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. शाळेच्या तपासणीत उंची, वजन, डोळे, दात बघतात. वासाचा एक प्रश्न त्यात सहज बसेल.

(दृश्य : जिन्यात बहीण)
ही धाकटी, बारा वर्षांची. तिला मोगरा ओळखू येतो. पण हा विकार असलेल्या एकाच घरात कुणाला वास येत नाही, तर कुणाची वासाची जाणीव शाबूत राहून फक्त संप्रेरकं कमी पडतात. म्हणून पुढच्या वर्षी डॉक्टर तिलाही तपासणार आहेत.